आर्पाद वाइस : सेरी आ जिंकणारा सर्वांत तरुण प्रशिक्षक, आणि नंतर साठ वर्षं गायब

कॉर्नरफ्लॅग

दर जानेवारीच्या शेवटी इटलीत आर्पाद वाइसची आठवण निघते. फलकापाशी पुष्पचक्र, क्लबांच्या दोन-चार पोस्टी आणि 'आउशविट्झमध्ये मारला गेलेला प्रशिक्षक' अशी एक ओळ. ओळ खरी आहे. पण तेवढंच वाचलं की हा कोणीतरी बिचारा होता आणि फुटबॉलशी त्याचा जाता जाता संबंध आला होता, असं वाटतं. मला या धाग्यात त्याच्या फुटबॉलबद्दल बोलायचंय. शेवट टाळता येणार नाही, पण सुरुवात तिथून नको.

जन्म १६ एप्रिल १८९६, हंगेरीतलं शोल्त, ज्यू कुटुंब. बुडापेस्टला कायद्याचं शिक्षण सुरू केलं, तेवढ्यात पहिलं महायुद्ध. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात असताना इटालियनांच्या हाती लागला आणि सिसिलीतल्या ट्रापानीला युद्धकैदी म्हणून राहिला. इटलीशी पहिली ओळख ही अशी. युद्धानंतर तोरेक्वेश या रेल्वे कामगारांनी काढलेल्या बुडापेस्टच्या क्लबकडून खेळला. जागा डावी बगल, म्हणजे लेफ्ट विंग. हंगेरीकडून मोजके सामने, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संघात नाव. (त्या स्पर्धेत इजिप्तनं हंगेरीला ३-० असं धुतलं. बुडापेस्टला तो धक्का पचायला बराच वेळ लागला.)

त्या काळची रचना २-३-५. पुढच्या पाचांतल्या दोन टोकांच्या गड्यांकडून अपेक्षा सरळ होती: रेषेला चिकटून राहा, चेंडू मिळाला की समोरच्याला मागे टाकून पळ आणि गोलसमोर क्रॉस टाक. ज्याच्या पायात वेग नाही त्याला तिथे कोणी उभं करत नसे. वेगावर जगणाऱ्या खेळाडूचं एकच दुखणं, पाय गेला की खेळ गेला. वाइस ब्रनोच्या मकाबीकडून खेळला, मग इटलीत अलेस्सांद्रिया, मग मिलानचा इंटर. १९२६ मध्ये दुखापतीनं खेळणं संपलं. तिशीच गाठली होती नुकती.

आणि चार वर्षांनी, ३४ व्या वर्षी, त्यानं इंटरला पहिलीवहिली सेरी आ, म्हणजे इटलीची सर्वोच्च लीग, जिंकून दिली. एकच गट, सगळ्यांचे सगळ्यांशी सामने, अशी लीग इटलीत १९२९-३० लाच सुरू झाली. ती जिंकणारा इतका तरुण प्रशिक्षक त्यानंतर आजपर्यंत झालेला नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, टंकाळा आलाय.

रंकाळा

वाचतोय. पण एक कळत नाही. त्या काळातली इटालियन क्लबांची नावं काढली की प्रशिक्षक हंगेरियन निघतो. एवढे सगळे तिथे गेले कसे?

कॉर्नरफ्लॅग

@रंकाळा, दोन दारं होती. एक मागून ढकलणारं, एक पुढून उघडणारं.

मागून: १९२० च्या त्रियानोन करारात हंगेरीचा दोन-तृतीयांश प्रदेश गेला. त्याच वर्षी विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा आला. पैशाची किंमत घसरत होती आणि फुटबॉलमध्ये उघडपणे पगार घेता येत नव्हता, व्यावसायिक लीग तिथे १९२६ ला आली. म्हणजे खेळ युरोपात वरच्या दर्जाचा आणि खिसा रिकामा. पोरं व्हिएन्ना, ब्रनो, इटली, अमेरिका, जिथे पैसे तिथे गेली.

पुढून: १९२६ च्या ऑगस्टमध्ये इटलीत व्हियारेज्जोची सनद आली. फॅसिस्ट राजवटीनं फुटबॉलची घडी नव्यानं बसवली आणि परदेशी खेळाडूंना बंदी केली. एका मोसमापुरती एका परदेशी खेळाडूची सवलत, नंतर तीही नाही. पण बंदी खेळाडूंना होती, प्रशिक्षकांना नव्हती! कालपर्यंत मैदानात पळणाऱ्या हंगेरियनांपुढे दोन पर्याय राहिले, गाशा गुंडाळणं किंवा रेषेच्या बाहेर उभं राहून शिकवणं. राष्ट्रवादाच्या नावाखाली केलेल्या नियमातून इटलीला परदेशी गुरूंची एक अख्खी पिढी मिळाली.

तिरकस

म्हणजे सरकारनं आयात बंद केली आणि कारागीरच येऊन राहिले. छान.

जुनाखेळाडू

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

हंगेरियन विंगर म्हटलं की माझ्या डोक्यात आधी योझेफ ब्राउन येतो. वाइसच्याच पिढीतला, पण उजव्या बगलेचा आणि बुडापेस्टच्या एमटीकेचा. एमटीकेकडे तेव्हा जिमी होगन होता. लँकेशरचा हा माणूस युद्ध सुरू झालं तेव्हा व्हिएन्नात अडकला. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत जायचा, तो एमटीकेच्या वजनदार मंडळींनी बुडापेस्टला आणला. तिथे त्यानं पोरांना चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवलं: छोटे पास, पहिल्या स्पर्शात ताबा. ग्यॉर्गी ओर्त आणि ब्राउन ही दोन पोरं त्याला एका बागेत खेळताना दिसली आणि 'ही माझी' म्हणून त्यानं उचलली, असं सांगतात.

ब्राउनचा वेग दंतकथेसारखा सांगितला जायचा. १८ व्या वर्षी हंगेरीत नावाजला गेला. नंतर अमेरिकेत ब्रुकलिनला खेळला, परतल्यावर प्रशिक्षकही झाला. १९४३ मध्ये पूर्व आघाडीवर हंगेरीच्या सक्तमजुरीच्या तुकडीत मेला. ज्यू पुरुषांना बंदूक न देता खंदक खणायला, सुरुंग काढायला पुढे पाठवत, त्या तुकड्या.

देशाचा गणवेश घालून खेळलेल्या माणसाचं त्याच देशानं हे केलं. वाइसच्या बाबतीत निदान परके होते, असं म्हणावं तर तेही समाधान नाही.

अवखळ

एक थिअरी मांडू का? विंगर चांगले प्रशिक्षक होतात, कारण अर्धा वेळ ते रेषेपाशी उभे राहून खेळ बघत असतात. 😄

तिरकस

@अवखळ, मग लाइन्समन तर त्याहून चांगले व्हायला हवेत.

जुनाखेळाडू

त्याच पिढीतला, पुढे नामांकित प्रशिक्षक झालेला बेला गुटमन सेंटर-हाफ होता. मैदानाच्या ऐन मध्यात. थिअरी मोडली.

कॉर्नरफ्लॅग

थिअरी जाऊ दे, वाइसनं काय केलं ते बघू.

इटलीत तेव्हा प्रशिक्षकानं सूट-टाय घालून बाहेर उभं राहायची रीत. हा हाफपँट घालून खेळाडूंबरोबर मैदानात उतरायचा. जेवणाखाण्यावर लक्ष ठेवायचा, सामन्याआधी संघाला शहराबाहेर एकत्र मुक्कामाला न्यायचा. दक्षिण अमेरिकेत फिरून तिथला खेळ बघून आलेला होता. १९३० मध्ये आल्दो मोलिनारीच्या सोबतीनं त्यानं प्रशिक्षणावर पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना वित्तोरियो पोत्सोची, म्हणजे पुढे दोन विश्वचषक जिंकणाऱ्या राष्ट्रीय प्रशिक्षकाची. लीग जिंकली त्याच वर्षी पुस्तक. चौतिशीत.

आणि मेआत्सा. १९२७, कोमो गावी व्होल्टा चषक. वाइसनं ज्युसेप्पे मेआत्सा या १७ वर्षांच्या बारक्या पोराचं नाव पहिल्या संघात वाचलं. जुना खेळाडू लेओपोल्दो कोंती खवचटपणे म्हणाला की आता बालिलातली पोरंही घ्यायला लागलो का आपण. बालिला म्हणजे राजवटीची शाळकरी मुलांची संघटना. पोरानं त्या सामन्यात गोल मारले आणि 'बालिला' हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. वाइसनं त्याला भिंतीवर चेंडू मारत दोन्ही पाय सारखे करायला लावले, असं म्हणतात. १९२९-३० च्या मोसमात मेआत्सानं ३१ गोल केले. पुढे १९३४ आणि १९३८ चे विश्वचषक. मिलानचं स्टेडियम आज त्याच्याच नावानं आहे.

(क्लबचं नाव तेव्हा इंटर नव्हतं. 'इंटरनॅत्सिओनाले' राजवटीच्या कानाला खटकलं, म्हणून १९२८ ला विलीनीकरण करून अंब्रोसियाना केलं. आणि प्रशिक्षकाचं आडनावही डब्ल्यू नको म्हणून व्ही लावून लिहीत.)

पानसुपारी

त्या मोसमातला जेनोआबरोबरचा सामना राहिला! ३-३. प्रेक्षक इतके लोटले की लाकडी स्टँड कोसळला, माणसं जखमी झाली, तरी सामना झाला. अंब्रोसियाना शेवटी जेनोआच्या दोनच गुणांनी पुढे राहिली.

रंकाळा

भारीच. मग इंटर सोडून बोलोन्याला का गेला?

कॉर्नरफ्लॅग

सरळ नाही गेला. मध्ये बारीला एक मोसम, तिथे ब्रेशियाविरुद्धच्या जादा सामन्यात संघाला खाली घसरण्यापासून वाचवलं. मग पुन्हा अंब्रोसियाना. दोन मोसम दुसरा क्रमांक, दोन्हीदा युव्हेंटसच्या मागे. मग १९३३ च्या मित्रोपा चषकाची, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी. तिथे मिलानमधला सामना जिंकला, व्हिएन्नात मात्र ऑस्ट्रियाच्या झिंडेलारनं तीन गोल मारून चषक काढून घेतला. मग थोडा काळ नोव्हारा, आणि १९३५ च्या जानेवारीत बोलोन्या.

बोलोन्या हा माझ्या मते त्याचा खरा कळस आहे. युव्हेंटसनं ओळीनं पाच लीग जिंकल्या होत्या. अध्यक्ष रेनातो दाल्लारा हा विणलेल्या कपड्यांचा व्यवसाय करणारा, पैसा जपून सोडणारा. १९३५-३६ चा मोसम ३० सामन्यांचा. सामन्यात बदली खेळाडूची सोय नव्हती, पाय मुरगळला तर दहा जणांत खेळा. वाइसनं अख्खा मोसम १४ खेळाडूंत काढला आणि रोमाच्या एका गुणानं पुढे राहून लीग घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा घेतली.

चौदा! दुखापती टाळणं, दमवणूक मोजणं, कोणाला कधी विश्रांती हे ठरवणं, आज ज्यासाठी क्लब खोलीभर माणसं ठेवतात, ते हा एकटा करत होता. संघही बघा: गोल मारायला गावचाच आंजेलो स्कियाव्हियो, जोडीला उरुग्वेहून आणलेले सान्सोने, फेदुल्लो आणि आंद्रेओलो. परदेशी बंदीतून पळवाट अशी की आजे-पणजे इटालियन असलेले चालत.

१९३७ च्या जूनमध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त स्पर्धा झाली. बोलोन्यानं सोशोला, मग प्रागच्या स्लाव्हियाला आणि अंतिम सामन्यात चेल्सीला ४-१ हरवलं. इंग्रज तेव्हा विश्वचषकात येतही नसत, आपणच खेळाचे मालक अशा तोऱ्यात असत. त्या सामन्यात रेगुत्सोनीचे तीन गोल, आणि तो डाव्या विंगचा खेळाडू. प्रशिक्षक स्वतः त्याच जागेवर खेळलेला! @अवखळ, थिअरीला एवढा आधार घ्या.

अवखळ

घेतला! 🙏

जुनाखेळाडू

जगाला कापरं भरवणारा संघ म्हणत बोलोन्याला. उगाच नाही.

पानसुपारी

आता पुढचं कोणीतरी लिहायला लागणारच. मी लिहिते.

७ सप्टेंबर १९३८ चा हुकूम: १ जानेवारी १९१९ नंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंनी सहा महिन्यांत देश सोडायचा. त्याच आठवड्यात ज्यू मुलांना शाळांतून काढायचा हुकूम. वाइसचा मुलगा रोबेर्तो तेव्हा आठ वर्षांचा, मुलगी क्लारा त्याहून लहान. बायको इलोना, इटलीत एलेना म्हणत. ऑक्टोबरअखेर बोलोन्याची नोकरी संपली. वर्तमानपत्रांत गाजावाजा नाही, निषेध तर नाहीच. १९३९ च्या जानेवारीत कुटुंब पॅरिसला, तिथून हॉलंडला.

मला सगळ्यात चीड येते ती त्या शांततेची. सलग दोन लीग जिंकून देणारा माणूस शहरातून उठून जातो आणि स्टेडियम पुढच्या रविवारी नेहमीसारखं भरतं.

तिरकस

स्टेडियमनं काय करायला हवं होतं? १९३८ ची इटली आहे. तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी घरी पोलीस.

पानसुपारी

@तिरकस, १९३८ चं सोडून देऊ हवं तर. १९४६ ला? १९६० ला? तेव्हा कोण अडवत होतं? बोलोन्यातच वाढलेल्या एन्झो बियाजीसारख्या नामांकित पत्रकारानं पुढे लिहिलं ते असं की फार चांगला होता, पण ज्यू होता, कुठे संपला कोणास ठाऊक. म्हणजे चाहत्यालाही पत्ता नाही. मात्तेओ मारानीनं मुलाच्या वर्गमित्रापासून धागे जुळवत चरित्र छापलं तेव्हा २००७ साल उजाडलं होतं. बोलोन्याच्या स्टेडियमवर फलक २००९ ला, मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर २०१२ ला.

तिरकस

हे मान्य. १९४५ नंतरच्या गप्प बसण्याला भीतीचं निमित्त नाही.

स्नेहल_डेल्फ्ट

मी नेदरलँड्समध्ये असते, डॉर्ड्रेख्त गाडीनं जवळच आहे, म्हणून इथला भाग लिहिते.

वाइसला इथे डीएफसी हा डॉर्ड्रेख्तचा क्लब मिळाला. १८८३ चा जुना क्लब, पण डच फुटबॉल तेव्हा हौशी होतं, खेळाडूंना पगार नाही (इथे व्यावसायिक फुटबॉल १९५४ ला आलं). मेआत्साला घडवणारा माणूस संध्याकाळी काम संपवून येणाऱ्या कारकून-दुकानदारांना सराव देत होता. आणि त्यानं तिथेही तेच केलं! पहिल्या मोसमात संघ खाली घसरता घसरता वाचवला, नंतरच्या मोसमांत पाचव्या क्रमांकापर्यंत नेला, फेयेनूर्दला हरवलं.

१० मे १९४० ला जर्मन आले. १९४१ च्या सप्टेंबरात ज्यूंना बागा, मैदानं, क्रीडासंस्था बंद झाल्या आणि त्याचं काम गेलं. २ ऑगस्ट १९४२ ला चौघांना उचललं. वेस्टरबोर्कची छावणी. २ ऑक्टोबरला पूर्वेकडची गाडी.

वेस्टरबोर्कला मी गेले आहे. हजेरीच्या मैदानावर १,०२,००० छोटे दगड उभे केले आहेत, न परतलेल्या प्रत्येकासाठी एक. सोबतच्या पाहुण्यांना फोटो काढायचे होते, मी त्यांना 'तुम्ही काढा' म्हणून बाजूला झाले.

रंकाळा

चौघं एकाच गाडीत होते, पण नोंदींत त्याचा मृत्यू १९४४ चा आणि बाकीच्यांचा १९४२ चा दिसतो, तो कसा?

स्नेहल_डेल्फ्ट

@रंकाळा, १९४२ च्या ऑगस्टअखेरपासून काही महिने पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्या आउशविट्झच्या अलीकडे कोझेल स्टेशनवर थांबवत. कामाच्या वयाचे पुरुष तिथेच उतरवून सायलेशियातल्या मजुरीच्या छावण्यांत पाठवत. गाडी बायका-मुलांना घेऊन पुढे जाई. इलोना, रोबेर्तो आणि क्लाराला ५ ऑक्टोबरला आउशविट्झच्याच बिर्केनाऊ छावणीत गॅस चेंबरमध्ये मारलं. आर्पाद मजुरीत सव्वा वर्ष टिकला. ३१ जानेवारी १९४४ ला आउशविट्झमध्ये गेला.

अवखळ

...

मुसाफिर७८

नेहमी पडणारा प्रश्न विचारतो, राग मानू नका. हॉलंडलाच का? जर्मनीच्या इतक्या जवळ? दक्षिण अमेरिका तर बघितलेली होती.

जुनाखेळाडू

@मुसाफिर७८, आज नकाशा बघून हे सुचतं. १९३९ च्या जानेवारीत हॉलंड तटस्थ देश होता, पहिल्या महायुद्धातही तटस्थच राहिला होता. शिवाय दोन लहान मुलं घेऊन माणूस नोकरी मिळेल तिथे जातो.

शहाणपणाचा निर्णय कुठला हे ठरवणं किती फोल आहे बघा. एर्नो एर्बस्टाइन, वाइससारखाच हंगेरियन ज्यू, तेव्हा तोरिनोचा प्रशिक्षक. त्याच कायद्यानं तोही बाहेर. तोरिनोचा अध्यक्ष फेर्रुच्चो नोव्हो यानं रॉटरडॅमच्या झेर्क्सेस क्लबशी प्रशिक्षकांची अदलाबदल ठरवली. म्हणजे एर्बस्टाइनही हॉलंडलाच निघाला होता! डच सरहद्दीवर त्याला आत सोडलं नाही, म्हणून नाइलाजानं बुडापेस्टला परतला. १९४४ मध्ये मजुरीच्या छावणीतून गुटमन वगैरेंबरोबर पळाला आणि वाचला. युद्धानंतर तोरिनोला परत येऊन त्यानं तो महान संघ उभा केला. ज्याला हॉलंडनं घेतलं तो गेला, ज्याला नाकारलं तो जगला. तोही ४ मे १९४९ पर्यंतच. सुपेर्गाच्या टेकडीवर आदळलेल्या विमानात अख्ख्या संघाबरोबर एर्बस्टाइन होता.

आणि गेझा केर्तेस, लाझिओ-रोमाचा प्रशिक्षक. हा ज्यू नव्हता. युद्धाच्या शेवटी बुडापेस्टमध्ये ज्यूंना लपवून वाचवत होता. पकडला गेला, १९४५ च्या फेब्रुवारीत, शहर मुक्त व्हायच्या काही दिवस आधी गोळ्या घातल्या.

मुसाफिर७८

एर्बस्टाइनवर वेगळा धागा हवा.

जुनाखेळाडू

काढतो, पण सवडीनं.

पानसुपारी

मूळ मुद्द्याकडे येते. १९३८-३९ ची लीग बोलोन्यानंच जिंकली. मोसमाची सुरुवात वाइसनं केली, ऑक्टोबरनंतर हर्मान फेल्सनर आला, नोंदीत नाव फेल्सनरचं. संघ कोणी बांधलेला? ही लीग वाइसची धरावी की नाही?

कॉर्नरफ्लॅग

मी धरतो. तेच खेळाडू, तीच बांधणी, तोच सराव.

तिरकस

मी नाही धरत. वाइसच्या वाट्याला त्या मोसमातले सुरुवातीचे थोडेच सामने आले. आणि फेल्सनर कोणी रस्त्यावरून आणलेला नव्हता. १९२५ आणि १९२९ ची विजेतेपदं बोलोन्याला त्यानंच मिळवून दिली होती, १९४१ ची पुन्हा त्यानंच. वाइसवर अन्याय झाला म्हणून फेल्सनरच्या खात्यातून उचलून याच्या खात्यात टाकायचं का? वाइसच्या स्वतःच्या तीन लीग आहेत, दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर. तेवढ्यावर त्याचं नाव पुरेसं मोठं आहे. दयेचे जादा गुण नकोत त्याला.

पानसुपारी

@तिरकस, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली.

कॉर्नरफ्लॅग

मी अजून अर्धी वाइसची धरतोय. :)